रीलमधलं बाळ खिदळतं, माझं मात्र भोकाड पसरतं

प्रश्न: ताई, मुलगा पाच महिन्यांचा झालाय. त्याच्याशी काय खेळायचं म्हणून फोनवर शोधायला लागले आणि आता सेव्ह केलेल्या रीलचं वेगळं फोल्डरच झालंय. एकीकडे सांगतात टमी टाइम, म्हणजे जागेपणी पालथं ठेवणं, रोज एक तास हवाच, दुसरीकडे म्हणे अजिबात जबरदस्ती करू नका, तिसरीकडे काळी-पांढरी कार्डं दाखवली नाहीत तर मेंदू मागे राहतो. आमचा तर पालथं घातलं की मिनिटभरात भोकाड पसरतो. रोज सकाळी ठरवते की आज ह्या सहा ऍक्टिव्हिटी करायच्या, त्यातल्या दोन होतात, आणि रात्री वाटतं की त्याचा आजचा दिवस मी वाया घालवला. शांत राहतो तो फक्त ते रंगीत आकार नाचणारे सेन्सरी व्हिडिओ लावले की. नवरा म्हणतो आपण काय रील बघून मोठे झालो का, बंद कर ते सगळं. एका अकाउंटवर दर महिन्याचं प्ले किट आणि सोबत कोर्स मिळतो, तो घ्यावा असं मनात आहे. नक्की कोणाचं खरं मानायचं?
सेव्ह करून करून दमलेली आई

उत्तर: अगं दमलेल्या आई, आधी ते रात्रीचं हिशेब मांडत बसणं थांबव. पाच महिन्यांच्या बाळाचा दिवस असा वाया जात नसतो. पोट भरलं, झोप झाली, कोणीतरी त्याच्याशी बोललं, त्याने आवाज काढला तेव्हा कोणीतरी वळून बघितलं, झाला की दिवस. चार ऍक्टिव्हिटी राहिल्या तर राहू दे, त्या काही परीक्षेला येणार नाहीत.

मला खटकलं ते वेगळंच. तुझ्या पत्रात रील काय म्हणतात ते आहे, नवरा काय म्हणतो ते आहे, पण मुलाला काय आवडतं ते कुठेच नाही. तो कशाला हसतो, कोणाचा आवाज आला की मान वळवतो, काय दिसलं की पाय झाडायला लागतो? तुला हे माहीत नसेल असं मी म्हणत नाहीये, नक्कीच माहीत असणार, पण पत्र लिहिताना ते सांगण्यासारखं वाटलं नाही कारण तू जे वाचतेस त्यात त्याला कोणी किंमतच देत नाही. तुम्ही हे करा, कार्ड एवढ्या अंतरावर धरा, इतकी मिनिटं करा, रोज करा. सगळ्या सूचना आईला. बाळाने तोंड फिरवलं तर काय, कंटाळलं हे कशावरून ओळखायचं, थांबायचं कधी, ह्यावर अवाक्षर नाही. खेळाबद्दलचं काहीही वाचताना मी तरी पहिल्यांदा हेच शोधते की ह्यात थांबायचं कधी ते लिहिलंय का. लिहिलं असेल तर लिहिणाऱ्याचा बाळांशी खरंच संबंध आलेला असतो, आणि नसेल तर मी पुढे वाचत नाही.

एक करून बघ. फोल्डरमधली तुला सगळ्यात जास्त टोचणारी रील काढ आणि आवाज बंद करून दोन-तीनदा बघ. बाळाचे कपडे मधेच बदललेत का? बदलले असतील तर ते एका बैठकीत झालेलं नाही. बाळ हातातल्या खेळण्याकडे बघतंय का कॅमेऱ्याच्या बाजूला उभं राहून कोणीतरी काहीतरी हलवतंय तिकडे? आणि कट कुठे आहेत ते बघ, हसू फुटलं की सुरू आणि हसू मावळायच्या आत बंद. त्या पंधरा सेकंदांच्या आधी आणि नंतर ते बाळ तुझ्या बाळासारखंच किरकिरलं असणार, पण ते कोण टाकणार गं. रील टाकणारी आई खोटारडी आहे असं नाही, पण कापून उरलेलं बघून आपण आपल्या अख्ख्या दिवसाची तुलना करत बसलो तर हाती रडूच येणार.

आता कोणाचं खरं मानायचं ते. १९९७ साली जामा ह्या अमेरिकन मेडिकल जर्नलमध्ये इंटरनेटवरची आरोग्याची माहिती तपासायला चार साध्या गोष्टी सुचवल्या होत्या: लिहिणारा कोण आहे, तो हे कशाच्या आधारावर सांगतोय, कधी लिहिलंय, आणि ह्यात पैसा कोणाचा आहे. तेव्हा रील नव्हत्या, पण हे चार प्रश्न अजून झकास चालतात.

लिहिणारा कोण, हे पटकन उरकते. बायोमध्ये 'बेबी प्ले एक्स्पर्ट' कोणीही लिहू शकतं. बालरोगतज्ज्ञ, लहान मुलांबरोबर काम करणारे फिजिओ किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट ह्यांचं शिक्षण विचारता येतं, एक्स्पर्ट म्हणजे काय ते विचारायची सोय नाही. दोन मुलांची आई असणं हा खराच अनुभव आहे पण तो त्या दोन मुलांचा. आणि हो, नावापुढे डॉक्टर असून खाली खेळणी विकणारेही आहेत, म्हणून पैशाचा प्रश्न सोडायचा नाही. घाबरवणारं वाक्य आणि खरेदीची लिंक एकाच पोस्टमध्ये दिसली की मी तरी सरळ पुढे सरकते. तुझ्या त्या काळ्या-पांढऱ्या कार्डांचंच घे. नवजात बाळाला साधारण २० ते ३० सेंटिमीटरवरचं बरं दिसतं आणि गडद-फिकट फरक लवकर कळतो हे खरं आहे, म्हणून कार्डं बघायला त्याला आवडू शकतात. पण त्यावरून 'कार्डं नाही दाखवली तर मेंदू मागे राहील' ही उडी कुठून आली? पाजताना आईचा चेहरा साधारण तेवढ्याच अंतरावर असतो आणि त्यावर डोळे, भुवया, केसांची कड, सगळा गडद-फिकट फरक फुकटात आहे, शिवाय तो चेहरा हलतो आणि उत्तर पण देतो. आणि तुझा तर आता पाच महिन्यांचा झालाय, त्याला खोलीच्या पलीकडचं पण दिसतं. कार्डं आणली असशील तर असू देत, नसतील तर काही बिघडलं नाही.

'कशाच्या आधारावर' ह्याचा सगळ्यात मजेशीर नमुना म्हणजे ते मोझार्ट प्रकरण. अजूनही कुठेकुठे दिसतं ना, बाळाला मोझार्टसारखं पाश्चात्य शास्त्रीय संगीत लावा, हुशार होतं. मूळ प्रयोग १९९३ चा. त्यात बाळं नव्हतीच, ३६ कॉलेजची मुलं होती, त्यांना १० मिनिटं मोझार्ट ऐकवला आणि एका विशिष्ट प्रकारच्या कोड्यांत त्यांचे मार्क थोडे वाढले, तेही १०-१५ मिनिटांपुरते. त्याचं होता होता 'बाळाचा मेंदू तल्लख करा' झालं आणि त्यावर सीडी खपल्या. पी हळद आणि हो गोरी. तेव्हा 'संशोधनाने सिद्ध' असं दिसलं की विचारायचं, कोणावर केलं, किती वयाच्या, आणि काय मोजलं? उत्तर नसेल तर ते वाक्य नुसतं सजावटीला आहे.

आता तारीख. तू विचारलं नाहीस पण पुढच्या तीन-चार महिन्यांत तुझ्या फोनवर 'बाळ अजून रांगत नाही?' येणारच आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते. अमेरिकेच्या सीडीसी ह्या सरकारी आरोग्य संस्थेने २०२२ मध्ये आपली माइलस्टोनची, म्हणजे कोणत्या वयात बाळ काय करतं त्याची, यादी बदलली. आधी त्यात साधारण निम्मी मुलं जे करतात ते त्या वयासमोर लिहिलेलं असायचं, आता निदान ७५ टक्के मुलं जे करतात ते लिहितात, आणि रांगणं तर यादीतून काढूनच टाकलं. तरी जुने तक्ते नवा रंग देऊन फिरतायत, वर तारीख नाही, आणि ते बघून आयांची झोप उडते. म्हणजे विचार कर, जुन्या हिशेबाने निम्मी मुलं कायम 'मागे'च दिसणार की! जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतल्या निरोगी मुलांचा अभ्यास करून २००६ मध्ये आकडे दिले, त्यात आधाराशिवाय बसणं ३.८ पासून ९.२ महिन्यांपर्यंत कधीही, आणि स्वतःचं स्वतः चालणं ८.२ पासून १७.६ महिन्यांपर्यंत. एवढा मोठा पट्टा आहे. त्यातली ४ टक्क्यांहून थोडी जास्त मुलं हातगुडघ्यांवर रांगलीच नाहीत. आणि बाळ दिवसांआधी जन्मलेलं असेल तर वय डिलिव्हरीच्या अपेक्षित तारखेपासून धरायचं असतं, हे किती तक्त्यांवर लिहिलेलं असतं सांग मला.

बरं, टमी टाइम. हा खरंच महत्त्वाचा आहे, इथे रील चुकीचं सांगत नाहीत, फक्त अर्धवट सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या शिफारशीत जी बाळं अजून हलू-सरकू लागली नाहीत त्यांना जागेपणी दिवसभरात मिळून निदान ३० मिनिटं पालथं ठेवा असं आहे. 'दिवसभरात मिळून' हे शब्द रीलमध्ये गळतात आणि मग आया घड्याळ लावून रडणाऱ्या बाळासमोर बसतात. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांची संघटना तर सुरुवात दिवसातून दोन-तीन वेळा, तीन ते पाच मिनिटं अशी करायला सांगते. तुझा मिनिटभर टिकतो ना, मग एक-एक मिनिट, पण दिवसात बऱ्याचदा. आणि प्रत्येक वेळी जमिनीवरच पाहिजे असं कोणी सांगितलं? तू मागे रेलून बस आणि त्याला छातीवर पालथा घे, तो तुझं तोंड बघायला मान उचलेल. मांडीवर आडवा पालथा घे. खाली ठेवलास तर छातीखाली छोट्या टॉवेलची गुंडाळी दे आणि तू पण समोर पालथी पड, डोळ्याला डोळा भिडेल अशी. वरून उभं राहून 'शाब्बास शाब्बास' म्हणून त्याला काय दिसणार, तुझी पावलं. दूध प्यायल्या प्यायल्या मात्र नको. कुरकुर करतोय तोवर जरा बोलून बघ, सूर बदलून रडायला लागला की उचल. मिनिटाला उचललास म्हणून काही वाया जात नाही.

आणि सहा ऍक्टिव्हिटींऐवजी एक दाखवते, डायपर बदलतानाची. तो उताणा आहे, हात तुझे मोकळे झालेत. दोन बोटं त्याच्या पोटाशी धर आणि 'आली… आली… आली…' म्हणत हळूहळू वर सरकव, आणि गळ्यापाशी पोचायच्या आधी थांब. गप्प राहा. मनात चार-पाच आकडे मोज, हे फार अवघड जातं आपल्याला, कारण आपल्याला वाटतं आता काहीतरी बोललं पाहिजे. त्या गप्प बसण्यातच सगळी गंमत आहे. तो तुझ्या बोटांकडे बघेल, मग तुझ्याकडे, श्वास रोखल्यासारखा करेल, पाय झाडेल किंवा एखादा 'अं' काढेल. असं काही केलं की मग गुदगुली. दोन-चार दिवसांत तो तुझ्या थांबण्यावरच हसायला लागेल, गुदगुलीच्या आधीच, म्हणजे पुढे काय येणार हे त्याला कळलं आणि त्याची पाळी आहे हे पण कळलं. ह्यालाच बालविकासवाले लोक आळीपाळीचा संवाद म्हणतात, आणि बोलणं शिकण्याचा पाया त्यात आहे. आणि त्याने मान फिरवली, जांभई दिली, पाठ ताणून कमान केली, बोटं फाकवली तर तो म्हणतोय पुरे. तेव्हा खेळ आणखी जोरात करायचा नाही, बाजूला बघत शांत बसायचं, अर्ध्या मिनिटाने तो स्वतःच परत बघतो, किंवा नाही बघत. नाही बघितलं तर झोप आली असेल. बाळाच्या कलाने घेणं म्हणतात ते इतकंच आहे आणि त्याला वेगळा वेळ काढावा लागत नाही, डायपर काय दिवसातून कितीदा तरी बदलायचा असतोच.

आता ते सेन्सरी व्हिडिओ. तुला वाटतं त्याला ते आवडतात कारण तो गप्प होऊन बघतो. अगं भराभर बदलणारे रंग दिसले की बाळाची नजर तिथे खिळतेच. खिळलेलं बाळ शिकतंय असा त्याचा अर्थ नाही. २०१० मध्ये अमेरिकेत एक प्रयोग छापून आला होता, १२ ते १८ महिन्यांची मुलं, शब्द शिकवणारा प्रसिद्ध बेबी व्हिडिओ त्यांनी घरी चार आठवडे बघितला, आणि शेवटी शब्द मोजले तर व्हिडिओ न बघणाऱ्या मुलांपेक्षा जास्त शिकलीच नव्हती. सगळ्यात जास्त शिकली ती मुलं ज्यांच्या आईबाबांनी तेच शब्द रोजच्या व्यवहारात बोलता बोलता शिकवले. पण मला त्यातला आवडता भाग पुढचाच: ज्या आईबाबांना स्वतःला व्हिडिओ आवडला होता, त्यांना आपलं मूल प्रत्यक्षात शिकलं त्यापेक्षा जास्त शिकल्यासारखं वाटत होतं. व्हिडिओखालच्या 'माझ्या बाळाला खूप फायदा झाला' कमेंटा वाचताना एवढं लक्षात ठेव. जागतिक आरोग्य संघटना एक वर्षाखालच्या बाळांना स्क्रीन नकोच म्हणते. लांबच्या नातेवाइकांशी व्हिडिओ कॉल चालतो, तिथे पलीकडचं माणूस उत्तर देतं. तू एखाद्या दिवशी अंघोळीला जाण्यापुरता व्हिडिओ लावलास तर मी काही तुला फासावर देणार नाही, पण त्याला ऍक्टिव्हिटी म्हणून मोजू नकोस. पुढच्या वेळी त्याला सुरक्षित जागी खाली ठेवून तू काय करतेयस ते नुसतं मोठ्याने बोलत राहून बघ, काही बाळं त्यावर पण शांत होतात.

नवऱ्याचं अर्धं बरोबर आहे. रीलशिवाय मुलं वाढतात, वाढलीच आहेत. पण 'आपल्या वेळी' म्हणून सगळं बरोबर असंही नाही. एके काळी बाळाला पालथं झोपवा असं खुद्द जाणकार सांगायचे, मग अभ्यासांतून कळलं की त्याने झोपेत अचानक मृत्यूचा धोका वाढतो, आणि १९९२ पासून अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांनी उताणं किंवा कुशीवर, आणि पुढे उताणंच झोपवा म्हणायला सुरुवात केली. टमी टाइमवर एवढा भर आला तो त्याच्यानंतर, झोप उताणी म्हणून जागेपणी पालथं. नवऱ्याला हे सांग, आणि पुढचा डायपर त्याला बदलायला दे, त्या गुदगुलीच्या खेळासकट. बाबांचा खेळ बऱ्याचदा वेगळा असतो, जरा जास्त दंगा, तो पण हवाच. फक्त बाळाला गदागदा हलवायचं नाही, खेळात पण नाही आणि रागात तर मुळीच नाही.

आणि आता जिथे मी अजिबात सैल सोडणार नाही ते. कोणता खेळ जास्त चांगला ह्यात चूक झाली तर काही होत नाही, पण काही रीलमध्ये खेळाच्या नावाखाली धोका असतो. बारीक मणी किंवा दाणे भरलेले ट्रे, ते पाण्यात फुगणारे रंगीत गोळे, सुटे छोटे लोहचुंबक, बटण सेलवाली खेळणी ज्यांचं झाकण नखाने उघडतं. फुगणारे गोळे पोटात जाऊन पण फुगतात, दोन चुंबक आतड्यात एकमेकांना चिकटतात, आणि बटण सेल घशात अडकला तर दोन तासांत आतून गंभीर भाजतं. तो आत्ता बारीक वस्तू उचलत नसेल, पण लवकरच दिसेल ते तोंडात घालणार आहे. असा सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी सर्च करत बसायचं नाही, थेट हॉस्पिटल. चाकवाला वॉकर पण नको. कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवर बंदीच घातली, कारण मुलं त्यातून जिन्यावरून पडतात, आणि त्याने चालणं लवकर येतं हेही खरं नाही. असली रील बघितलीस तर ते अकाउंट कितीही गोड असू दे, अनफॉलो.

डॉक्टरांना कधी दाखवायचं हेही रीलवर शोधू नकोस. माणसं बघून हसत नाही, मोठ्या आवाजाने दचकत किंवा वळत नाही, हलत्या चेहऱ्यामागे नजर जात नाही, मान अजून सावरत नाही, अंग फार ताठ किंवा फार ढिलं वाटतं, एकच हात वापरतो, ह्यातलं काही दिसलं तर पुढच्या लसीची वाट न बघता दाखव. आणि आधी येत असलेलं काही करायचं बंद झालं तर कोणत्याही वयात लगेच. तुझ्या पत्रात ह्यातलं काही नाहीये, आहे ते एवढंच की त्याला पालथं आवडत नाही, आणि ते बऱ्याच बाळांना आवडत नाही.

राहिलं ते किट. नको घेऊस. त्यातली खेळणी वाईट असतील असं नाही, पण दर महिन्याला खोका येणार, खोक्यासोबत यादी येणार आणि आत्ता दोनच ऍक्टिव्हिटी झाल्या म्हणून रडतेस तिथे मग न उघडलेल्या खोक्यासाठी रडशील. फोल्डर पण उडव, किंवा निदान तीन ठेव, ज्यात थांबायचं कधी ते सांगितलंय अशा. तीन पण सापडल्या नाहीत तर मला कळव, आणि त्या पत्रात तो कशाला हसतो ते लिहायला विसरू नकोस.